पोरांच्या हाती रोप नको, वही द्या



चाकण, म्हाळुंगे, मोशी पट्ट्यातल्या शाळांत ५ जूनला काय होते ते आपण पाहतोच. कारखान्याची गाडी येते, गुलमोहराची नाहीतर गिरिपुष्पाची रोपे उतरतात, फोटो निघतो. पुढच्या ५ जूनला त्याच खड्ड्यात नवे रोप. याला जैवविविधतेचे रक्षण म्हणायला आम्ही तयार नाही.

हा शब्दच शेतकऱ्याला शहरी वाटतो. आम्ही शेतकीची पदवी घेतली तीही कुर्डू, टाकळा, तांदुळजा यांना तण म्हणून पाठ करून. घरी आई त्याचीच भाजी करत होती! पण घरचे कांदाबी धरणाऱ्याला विचारा. कांद्याच्या फुलात पराग आधी झडतो, स्त्रीकेसर मागाहून तयार होते. मधमाशी फिरकली नाही तर गोंड्यात दाणा भरत नाही. आग्या माशी उंच झाडावर राहते, सातेरी ढोलीत, फुलोरी बांधावरच्या काटेरी झुडपात. वसाहतीला जमिनी गेल्या तेव्हा पंचनाम्यात झाडे मोजली. मोहोळ कोण मोजणार?

मोजण्याची सोय कायद्यात आहे. २००२ च्या जैविक विविधता कायद्याप्रमाणे ग्रामपंचायतीने, नगरपालिकेने समिती नेमायची आणि लोकांना विचारून लोकजैवविविधता नोंदवही करायची. वर्षानुवर्षे काम रेंगाळले. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली, चुकणाऱ्या राज्याला महिना १० लाख रुपये भरायला सांगितले, तेव्हा धावपळ झाली. तुमच्या गावची वही कोणी लिहिली, शिवारात कोणाला विचारून लिहिली, हे येत्या ग्रामसभेत विचारा.

ती वही खरी करण्याचे काम सातवी-आठवीच्या पोरांना द्यावे असे आमचे म्हणणे आहे. पोरगे विचारायला लाजत नाही, आणि म्हातारी माणसे पोरांना सांगतात ते साहेबाला सांगत नाहीत. वर्गात आता लातूरची, बुलढाण्याची, बिहारची पोरेही बसतात. त्यांचा आजा इथे नाही. त्यांनी आपल्या आजाला विचारावे, आणि त्याच झाडाला त्यांच्याकडे काय म्हणतात तेही लिहावे. गुरुजींवर आधीच सरकारी कामांचा ढीग आहे, म्हणून पोरांबरोबर बांधावर आपल्यापैकी कोणीतरी जायला हवे.

काहींना भीती वाटते की नोंद झाली की जमिनीवर आरक्षण येईल. वहीने सातबारा बदलत नाही. जैवविविधता वारसास्थळ करायचे तर कलम ३७ खाली राज्य सरकारला स्थानिक संस्थांशी सल्लामसलत करून वेगळी अधिसूचना काढावी लागते.

सुरुवात कांद्यापासून करू. गोंडे फुलतील तेव्हा प्रत्येक गावात एकाने आपला बियाण्याचा वाफा शाळेला मोकळा ठेवावा. पोरांनी सकाळी दहा मिनिटे माश्या मोजाव्यात, कोणत्या जातीची किती ते लिहावे, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावे. तेवढे दिवस त्या वाफ्यावर आणि शेजारच्या रानात फवारणी बंद. ही शेवटची सूचना पोरांसाठी नाही, आपल्यासाठी आहे.