संगणक घेताना काटकसर कोठे करावी?



दहावीचा निकाल लागला आणि घरात संगणकाचा विषय निघाला, की पुढचा प्रसंग बहुधा ठरलेला असतो. तुम्हाला संगणकावर खेळ खेळायचे असतात. त्याचबरोबर ‘ब्लेंडर’सारखे सॉफ्टवेअर वापरून त्रिमिती चित्रे काढायची असतात, जमल्यास एखादा छोटा चलत्‌चित्रपटही करून पाहायचा असतो. आईवडील एक रक्कम सांगतात. ती कमी वाटते. मग एक यादी मित्राकडून येते, दुसरी दुकानदाराकडून येते, आणि दोन्ही याद्यांत वर झळकत असतात ते मोठे आकडे आणि रंगीत दिवे.

थोड्या पैशांत यंत्र जुळवायचे म्हणजे कोठे तरी हात आखडता घ्यावा लागणारच. प्रश्न एवढाच, की तो कोठे घ्यायचा? माझे मत एका वाक्यात सांगतो. जी उणीव थोडा वेळ थांबल्याने भरून निघते, तेथे खुशाल काटकसर करा. जी उणीव कितीही थांबले तरी भरून निघत नाही, तेथे मात्र काटकसर करू नका. असे का, ते आता पाहू.

प्रथम आपल्याला यंत्राकडून कोणते काम हवे आहे ते समजून घेतले पाहिजे. नेहमीच्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार करा: २०,७३,६०० ठिपके झाले. खेळात हे सगळे ठिपके सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगवायचे असतात. म्हणजे एका चित्राला सुमारे १७ मिलिसेकंद एवढाच वेळ मिळतो. खेळाला थांबून चालत नाही, म्हणून तेथे प्रकाश आणि सावल्या बऱ्याच अंशी युक्तीने, जवळच्या वाटेने काढल्या जातात.

रेंडरिंगचे तसे नाही. येथे प्रकाशाचा किरण कोठून निघाला, कोणत्या भिंतीवर आपटला, तेथून कोठे वळला, याचा हिशेब ठिपक्या-ठिपक्यासाठी केला जातो. या हिशेबाचे मूळ समीकरण जेम्स काजिया यांनी १९८६ साली मांडले. एकेका ठिपक्यासाठी शेकडो किरणांचा माग काढावा लागतो. त्यामुळे एका चित्राला काही मिनिटेही लागू शकतात.

यात एक सोय आहे. एका ठिपक्याचा हिशेब शेजारच्या ठिपक्यासाठी अडून राहत नाही. तीन हजार सोपी गणिते सोडवायची असतील, तर एक विद्वान प्राध्यापक बरा की तीन हजार शाळकरी मुले बरी? मुलेच आधी उरकतील. संगणकाचा प्रोसेसर हा त्या प्राध्यापकासारखा असतो. साध्या यंत्रात त्याचे सहा-आठ गाभे असतात, पण प्रत्येक गाभा हुशार. ग्राफिक्स कार्ड म्हणजे मुलांचा वर्ग. ‘आरटीएक्स ३०६०’ या २०२१ साली आलेल्या कार्डात असे ३५८४ गाभे आहेत. तेव्हा खेळ आणि रेंडरिंग दोन्ही हवे असतील, तर पैशांतला सर्वांत मोठा वाटा ग्राफिक्स कार्डाला जावा, हे उघड आहे.

मग महागातला प्रोसेसर घेऊन काहीच लाभ नाही का? स्वयंपाकघरात जाऊन पाहा. पोळ्या लाटणाऱ्या चार जणी बसल्या, पण तवा एकच असला, तर पोळ्या तव्याच्याच वेगाने उतरणार. समजा, एखाद्या खेळात प्रत्येक चित्राची तयारी करायला प्रोसेसरला १२ मिलिसेकंद लागतात आणि ते रंगवायला कार्डाला २० मिलिसेकंद लागतात. दोघे एकाच वेळी आपापले काम करत असतात, म्हणून सेकंदाला ५० चित्रे मिळतील. आता दुप्पट वेगाचा प्रोसेसर आणला. तयारी ६ मिलिसेकंदांत झाली. चित्रे किती मिळाली? तीच ५०! वाढीव पैसे लाटण्यात गेले. तवा तसाच राहिला.

आता काटकसरीकडे वळू. दहा सेकंदांचा चित्रपट करायचा आहे असे धरा. सेकंदाला २४ चित्रे धरली तर एकूण २४० चित्रे झाली. एका चित्राला तीन मिनिटे लागली तर ७२० मिनिटे, म्हणजे बारा तास. दुप्पट वेगाचे कार्ड घेतले तर हेच काम सहा तासांत होईल. पण रात्री आठला काम लावले तर साध्या कार्डानेही सकाळी आठला ते तयार असते. महागड्या कार्डाने वाचवलेले सहा तास तुम्ही बहुतेक झोपेतच काढणार होता! यंत्र २५० वॅट वीज घेत असेल, तर या कामाला तीन युनिट लागतील, तेही हिशेबात धरा. आणि मध्येच वीज गेली तर? म्हणून प्रत्येक चित्र वेगळे साठवायचे. मग जे चित्र चालू होते तेवढेच वाया जाते, आधीची सुखरूप राहतात.

खेळातही अशीच तडजोड करता येते. ३८४० बाय २१६० ठिपक्यांच्या पडद्यावर नेमके चौपट ठिपके रंगवावे लागतात. साधा पडदा ठेवा, सावल्यांचा बारकावा एक पायरी उतरवा, आणि तोच खेळ साध्या कार्डावर सुरळीत चालेल. शिवाय तुमचा पडदा ६० हर्ट्‌झचा असेल, तर तो सेकंदाला ६० वेळाच चित्र बदलणार. कार्डाने १४० चित्रे काढली म्हणून तुम्हाला १४० दिसत नाहीत. साठवणीचेही असेच आहे. रोजच्या कामापुरती ५०० जीबीची एसएसडी घ्यावी. पुरी झालेली चित्रे जुन्या हार्ड डिस्कवर ठेवली तरी बिघडत नाही. ती उघडायला थोडा अधिक वेळ लागेल, इतकेच.

थोडक्यात, वेग कमी पडला तर धीर धरून भागते. आता जेथे धीराचा उपयोग नाही, अशा तीन जागा पाहू.

पहिली जागा म्हणजे ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी. ज्या देखाव्याचे रेंडरिंग करायचे, तो साऱ्या झाडांसह, भिंतींसह, त्यांवर चिकटवलेल्या चित्रांसह या मेमरीत मावावा लागतो. ४०९६ बाय ४०९६ ठिपक्यांचे एक चित्र, ठिपक्याला चार बाइट धरले, तर ६४ एमबी जागा अडवते. अशी सोळा चित्रे झाली की एक जीबी भरला. देखावा मेमरीत मावला नाही, तर काम बंद पडते किंवा इतके रेंगाळते की ते हाती घेण्यात अर्थ उरत नाही. येथे आकड्यांनी फसू नका. आरटीएक्स ३०६० चे १२ जीबी मेमरीचे कार्ड निघाले होते. २०२३ साली आलेल्या ४०६० वर मात्र ८ जीबीच आहे. नवे कार्ड बहुतेक खेळांत अधिक चपळ आहे, वीजही कमी खाते. तरीसुद्धा दहा जीबीचा देखावा जुन्या कार्डात मावेल, नव्यात मावणार नाही. तेव्हा खोक्यावरच्या मोठ्या आकड्याआधी मेमरीचा आकडा वाचा. संगणकाची रॅमही १६ जीबीहून कमी नको, आणि १६ चा एकच तुकडा घेण्यापेक्षा आठ-आठचे दोन घ्यावेत. त्यामुळे माहितीला ये-जा करायला दोन वाटा मिळतात.

दुसरी जागा एसएमपीएस, म्हणजे घरातली वीज संगणकाच्या भागांना योग्य दाबाने पुरवणारी पेटी. ती कॅबिनेटमध्ये दडलेली असते, म्हणून यादीतली पहिली कुऱ्हाड नेहमी तिच्यावर पडते. हे मला सर्वांत घातक वाटते. स्वस्त पेटीवर ‘४५० वॅट’ असे ठळक छापलेले असू शकते. तुम्ही मात्र बाजूचा बारीक तक्ता वाचा. प्रोसेसर आणि कार्ड मुख्यतः १२ व्होल्टच्या तारेवर चालतात. तेथे ‘१६ अँपिअर’ लिहिले असेल, तर १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅटच झाले. तुमचे कार्ड १७० वॅटचे आणि प्रोसेसर ६५ वॅटचा असेल, तर बेरीज २३५ होते. भौतिकशास्त्राच्या पुस्तकातला हा एक गुणाकार तुमचे सारे यंत्र वाचवू शकतो. रेंडरिंगमध्ये बारा-बारा तास पूर्ण भार असतो, आणि आपल्याकडे विजेचा दाबही कमी-जास्त होत असतो. अशा वेळी कच्ची पेटी जळाली, तर ती इतर भागांनाही बरोबर घेऊन जाऊ शकते. जुने ग्राफिक्स कार्ड चालवून, पारखून घेता येईल. जुनी पेटी मात्र घेऊ नये.

तिसरी जागा म्हणजे हवा. पंखा बर्फ करत नाही, तो फक्त खोलीतली हवा फिरवतो. विदर्भातल्या मे महिन्यात खोलीच ४२ अंशांवर असेल, तर आतल्या चिपा त्याहून गरमच राहणार. तापमान ९५ ते १०० अंशांच्या आसपास गेले, की बरेच प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग उतरवतात. म्हणजे ज्या वेगासाठी पैसे मोजले, तोच हातून गेला! समोर बंद काच आणि आत सप्तरंगी दिवे असलेले कॅबिनेट सुंदर दिसते खरे. पण समोर जाळी आणि दोन साधे पंखे असलेले कॅबिनेट अधिक शहाणे असते.

‘एकदाच मोठे घ्यावे, म्हणजे दहा वर्षे पाहायला नको,’ असे घरातले कोणी म्हणेल. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. पण दहा वर्षे टिकवायची ती वाढीची सोय. आजचा महागडा वेग नव्हे. एएमडी कंपनीच्या ‘एएम४’ बैठकीचे उदाहरण घ्या. २०१७ साली घेतलेल्या अनेक मदरबोर्डांवर, त्यांचे अंतर्गत सॉफ्टवेअर अद्ययावत करून, २०२२ साली निघालेला प्रोसेसर बसवता आला. ज्यांनी तेव्हा साधा प्रोसेसर आणि बरा मदरबोर्ड घेतला, त्यांना पाच वर्षांनी एकच भाग बदलून यंत्र ताजे करता आले. म्हणून मदरबोर्ड निवडताना पुढे काय बसवता येईल, हे अवश्य विचारा.

भाव सतत हलतात, म्हणून मी रुपयांचे आकडे देत नाही. त्यापेक्षा वही घ्या आणि दोन रकाने आखा. डाव्या रकान्यात ‘थांबून भागेल’, उजव्यात ‘थांबून भागणार नाही’. यादीतला प्रत्येक भाग कोठे बसतो ते लिहा आणि पुढे कारण लिहा. मगच मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा तुमच्या गावच्या दुकानात जा. ही वही आधी आईवडिलांना दाखवा. खेळही खेळायचे आहेत, हे त्यांच्यापासून लपवू नका. ‘अभ्यासासाठी’ एवढेच सांगून मागितलेला पैसा पुढे अवघड प्रश्न उभे करतो. पैसा त्यांच्या कष्टाचा आहे, तेव्हा कारणे जाणून घेण्याचा त्यांना हक्क आहे.

आणि साध्या यंत्राची लाज वाटू देऊ नका. लॅटव्हियाचे दिग्दर्शक गिंट्‌स झिल्बालोदिस यांच्या ‘फ्लो’ या चित्रपटाला २०२५ साली सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले. तो ज्या ब्लेंडरमध्ये घडवला, तेच ब्लेंडर तुमच्या संगणकावर फुकट उतरवता येते. त्यातले कसब कोणत्याही दुकानात मिळत नाही. ते रोज थोडे थोडे बसून मिळवावे लागते. यंत्र रात्रभर काम करील. दिवसा काय करायचे, ते तुम्ही ठरवायचे आहे.