शून्याचे तीन अर्थ

छत्रीचे चित्र समोर ठेवले आहे. सहा वर्षांचे मूल त्याकडे पाहते, थबकते, हातांनी काहीतरी उघडल्यासारखे करते आणि म्हणते, "ते... पाऊस आला की डोक्यावर धरतो ना आपण, ते." तक्त्यात शून्य पडते. दुसरे मूल चित्राकडे पाहून नुसती मान हलवते, त्यालाही शून्य. तिसरे झटकन 'अंब्रेला' म्हणते. चाचणी मराठीची असल्याने तेही शून्यच. अशा शून्यांवरून निघणाऱ्या आकड्याला 'अभिव्यक्तीची शब्दसंपत्ती' असे भारदस्त नाव देण्याची रीत मला अशास्त्रीय वाटते, आणि मुलांच्या बाबतीत अन्यायाचीही.

पहिल्या मुलाकडे शब्द आहे. वस्तू ठाऊक, उपयोग ठाऊक. गाडे अडते ते उच्चारापाशी. नुसते 'छ' पुरवले की उरलेला शब्द बहुधा तेच पुरा करील. मोठ्यांचे असे झाले की आपण 'अगदी ओठांवर आहे' म्हणून वेळ मारून नेतो, आणि कोणी आपली शब्दसंपत्ती तोकडी ठरवीत नाही. ब्राउन आणि मॅक्नील यांनी १९६६ मध्ये याच अवस्थेवर प्रयोग प्रसिद्ध केले. शब्द सापडत नसतानाही माणसाला त्याचे पहिले अक्षर किंवा अक्षरांची संख्या पुष्कळदा सांगता येते, असे त्यांना दिसले. दुसऱ्या मुलाला छत्री हा शब्द शिकवायला हवा. पहिल्याला तो शिकवणे व्यर्थ, कारण त्याला हवी आहे शब्दापर्यंत पोचण्याची वाट. त्याची अडचण खरी असते आणि वर्गात ती फार महागात पडते: उत्तर येत असूनही नाव न सुचल्यामुळे ते 'अभ्यास न करणारे' ठरते. तिसऱ्याला उपचाराची काहीच गरज नाही.

गंमत अशी की चाचण्यांच्या कर्त्यांना हा भेद चांगला ठाऊक होता. कॅपलन, गुडग्लास आणि वाइनट्राउब यांची बॉस्टन नेमिंग टेस्ट (१९८३) घ्या. ६० रेखाचित्रे, नाव न आल्यास वीस सेकंद वाट पाहायची, गरज पडल्यास अर्थाची खूण द्यायची, तरी न जमल्यास शब्दाचा आरंभीचा ध्वनी. ध्वनीच्या खुणेनंतर आलेली उत्तरे निराळी नोंदवायची. डायन जर्मन यांची मुलांसाठीची टेस्ट ऑफ वर्ड फाइंडिंग तर मुलाला जे नाव सांगता आले नाही ते निदान ओळखता येते का, हेही तपासते. म्हणजे रकाने आहेत. पालकांच्या हाती पडणाऱ्या अहवालात मात्र एक बेरीज तेवढी उरते.

त्यात चित्रे कुठली? बॉस्टनच्या यादीत प्रेट्झेल आहे, इग्लू आहे, बीव्हर आहे. (फाशीचा फासही आहे; मुलांपुढे ठेवायला!) नुसत्या भाषांतराने हे निभत नाही. पेरूचे चित्र पाहून विदर्भातले मूल 'जांब' म्हणेल आणि ते बरोबरच असेल. कोकणात मात्र जांब हे फळच निराळे. उत्तरतालिका ज्या गावी छापली, त्या गावची बोली तेवढी शुद्ध!

शिवाय चित्रांना नामे सोयीची. मराठी मुलाचे खरे धन पाहायचे तर क्रियापदांकडे जावे लागते. आपण भाजी चिरतो, नारळ फोडतो, संत्रे सोलतो, मेथी खुडतो. लुगडे नेसतो, सदरा घालतो, गजरा माळतो. गुडघा खरचटल्यावर 'दुखतंय' न म्हणता 'चुरचुरतंय' म्हणणाऱ्या मुलाने केवढा बारीक भेद केलेला असतो! चुरचुरण्याचे चित्र कोण काढणार? ते काढता येत नाही, म्हणून ते मोजलेही जात नाही.

आकड्याशिवाय मदत मंजूर होत नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. पण आकडा काढायचाच तर निदान दोन्ही भाषांचा काढा. पिअरसन, फर्नांडिस आणि ओलर यांनी १९९३ मध्ये मायामीतील स्पॅनिश-इंग्रजी बोलणाऱ्या लहानग्यांचे शब्द दोन्ही भाषांत मोजले. ही मुले एकभाषिक मुलांपेक्षा मागे आहेत असे म्हणायला त्यांना आधार सापडला नाही. आपल्याकडे मात्र एका भाषेच्या तोकड्या बेरजेवरून आईवडिलांना सांगितले जाते, 'घरी मराठी बंद करा.' मग आई बिचकत, ठरावीक इंग्रजी वाक्यांत मुलाशी बोलू लागते. आजी तर गप्पच होते. चिरणे, खुडणे, नेसणे हे शब्द ज्यांच्या तोंडून कानी पडायचे, तीच तोंडे आपण बंद करतो आणि पुढच्या चाचणीत आकडा आणखी घसरला की आश्चर्य करतो.

अहवाल हाती आला की पालकांनी मूळ तक्ता मागावा. तिथे मुलाने काय उत्तर दिले ते शब्दशः लिहिलेले नसेल, त्याला 'छ' पुरवून पाहिल्याची नोंद नसेल, नुसते शून्य असेल, तर त्या कागदावरून घरातली भाषा बदलू नये.