टर्मिनलवरची एचटीएमएल मेल

मट हा टर्मिनलवरचा मेल प्रोग्राम स्वतः एचटीएमएल वाचत नाही. मायकेल एल्किन्स यांनी १९९५ साली तो लिहिला, तेव्हापासून त्याची भिस्त मेलकॅप या फाइलीवर आहे. कोणता मजकूर कोणत्या बाहेरच्या प्रोग्रामकडे सोपवायचा, ते या फाइलीत लिहिलेले असते. त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टला भारतात व्हीएसएनएलची इंटरनेट सेवा सुरू झाली. तिच्या शेल खात्यावर पाइन हा मेल प्रोग्राम उघडणाऱ्याला एचटीएमएलचा प्रश्न फारसा पडत नसे, कारण मेल बहुधा साधा मजकूरच असे. आज तुर्भे ते ऐरोली औद्योगिक पट्ट्यात एसएसएचवरून सर्व्हर सांभाळणाऱ्यासमोर बॅकअपचा अहवालसुद्धा रंगीत तक्त्यांत येऊन पडतो.

मेलकॅपमध्ये एचटीएमएलसाठी दोन ओळी ठेवाव्यात. पहिली ब्राउझरची, ग्राफिकल पडदा उपलब्ध असेल तरच ती लागू व्हावी अशी अट तिला जोडावी. दुसरीत डब्ल्यू३एम हा मजकुरी ब्राउझर 'डंप' पर्यायासह बोलवावा आणि शेवटी 'कोपियसआउटपुट' लिहावे. हा शब्द राहिला की मेल आपोआप उलगडत नाही, आणि कित्येकांची गाडी इथेच अडते. मटच्या सेटिंगमध्ये 'ऑटो_व्ह्यू' चालू केले की मट पहिली ओळ सोडून दुसरी उचलतो. जोडपत्रांच्या यादीतून उघडल्यास मात्र पहिली वापरली जाते.

एकाच मेलमध्ये साधा मजकूर आणि एचटीएमएल दोन्ही असतील, तर 'अल्टरनेटिव्ह_ऑर्डर'मध्ये साध्या मजकुराला पहिला मान द्यावा. काही प्रेषक मात्र त्या भागात 'हा मेल ब्राउझरमध्ये पाहा' एवढेच लिहून मोकळे होतात. त्यांच्यापुरता क्रम मेसेज-हुकने उलटवावा, आणि त्याआधी सर्वांसाठीचा मूळ क्रम लावणारा हुक लिहावा. नाहीतर उलटलेला क्रम पुढच्या मेललाही चिकटतो.

मराठी मेलची खरी कसोटी यानंतर लागते. मेलच्या शीर्षभागात नोंदलेला कॅरेक्टर सेट डब्ल्यू३एमला 'आय' पर्यायाने कळवावा आणि 'ओ' पर्यायाने यूटीएफ-८ मागावा. तरीही तक्ते हलतात. तुर्भ्याच्या घाऊक बाजारातला भावांचा तक्ता घेतला, तर त्यातल्या 'क्विंटल' या एका शब्दात युनिकोडची ७ चिन्हे आणि यूटीएफ-८ चे २१ बाइट असतात. डोळ्यांना अक्षरे तीनच दिसतात. प्रोग्राम रकाने मोजतो ते चिन्हांवरून आणि टर्मिनल जोडाक्षर रेखाटतो ते आपल्या पद्धतीने; दोघांचा हिशेब जुळला नाही की 'किमान' आणि 'कमाल' एकमेकांच्या रकान्यात शिरतात. त्यातच ऱ्हस्व वेलांटी साठवताना व्यंजनानंतर येते आणि दिसताना आधी. एक्सटर्म हे टर्मिनल ही मांडणी नीट करत नाही. एमएलटर्ममध्ये भारतीय लिप्यांची सोय आहे, म्हणून मराठी वाचणाऱ्याने टर्मिनल आधी बदलावे, मेलकॅप मग.

डंपमध्ये चित्रे उतरत नाहीत, त्यामुळे मेल उघडल्याची खबर प्रेषकाला देणारे अदृश्य चित्रही निकामी ठरते. दुव्यांचे पत्तेही गळतात. डब्ल्यू३एमचा 'डिस्प्ले_लिंक_नंबर' हा पर्याय लावल्यास ते शेवटी क्रमांकाने छापले जातात. बँकेच्या नावाखालचा दुवा भलत्याच ठिकाणी नेतो आहे, हे त्या यादीत उघड दिसते. मेलकॅपच्या ओळीत फाइलनाव आणि कॅरेक्टर सेट यांच्या जागी येणाऱ्या टक्केवारीच्या खुणांना अवतरणचिन्हे लावू नयेत. ती मट स्वतः लावतो, आणि दुहेरी पडली तर मेलमधला मजकूर शेलमध्ये आज्ञा म्हणून चालण्याचा धोका असतो.