विश्लेषण : परवडणारी स्पोर्टी कूपे आपल्याकडे का नाही?

टोयोटा आणि सुबारूने मिळून २०१२ मध्ये आणलेली ‘जीटी ८६’ ही दोन दारांची कूपे. इंजिन दोन लिटरचे, ताकद सुमारे २०० अश्वशक्ती, वजन जेमतेम साडेबाराशे किलो. टायर मात्र काटकसरी ‘प्रियस’च्या जातीचे. रस्त्यावरची पकड मुद्दाम बेताची ठेवली, म्हणजे वळणाची गंमत कमी वेगातही कळावी. मागच्या सीटवर फार तर दप्तर मावते, हेही खरे.

अशी गाडी इथे आणली तर? लांबी चार मीटरहून जास्त, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपेक्षा मोठे; म्हणून सप्टेंबर २०२५ पासूनच्या दरांत जीएसटी १८ नव्हे, ४० टक्के. आयात शुल्क वेगळेच. हा कर वजन पाहातच नाही. अडीच टनांच्या डिझेल एसयूव्हीलाही तोच ४० टक्के दर.