दुखायचं थांबलं म्हणून?

"आता पोट दुखत नाही ना, मग गेला आजार!" स्वादुपिंडाच्या जुनाट दाहाच्या रुग्णाबद्दल रिठद गावच्या पारावर कुणी असं म्हटलं, तर बाकीचे माना डोलावतील. माझी हरकत आहे.

पूर्वपक्ष अडाणी नाही, हे आधी कबूल करतो. झुरिचच्या डॉ. अमान यांनी २४५ रुग्णांचा वर्षानुवर्षं मागोवा घेऊन १९८४ साली जवळपास हेच मांडलं होतं: स्वादुपिंडाची ग्रंथी निकामी होत जाते, तसा शूळ विझतो. पुढच्या अभ्यासांत मात्र अनेकांचा शूळ ग्रंथी संपल्यावरही चालूच राहिलेला दिसला. आणि समजा, विझलाच. सरपण संपून चूल विझली, तर स्वयंपाक झाला असं कुणी म्हणतं का?

खरा संसार तिथूनच बिघडतो. पाचकरस नाही, म्हणून भाकर-वरण खाऊनही माणूस वाळत जातो. शौच तेलकट, चिकट. पाणी ओतलं तरी भांड्याला धरून बसतं. अशा वेळी घरचे तेल-तूप बंद करतात, म्हणजे उपाशी माणसाचं ताट आणखी रिकामं करतात! त्याला हवी असते पाचक विकरांची कॅप्सूल: मोठ्या जेवणाला लायपेजची (चरबी पचवणाऱ्या विकराची) साधारण ४० ते ५० हजार युनिटं, तीही पहिल्या घासाबरोबर. उपाशीपोटी गिळलेली वाया जाते. ही विकरं डुकराच्या स्वादुपिंडातून काढतात. माळकऱ्याला हे आधीच सांगावं. नंतर कळलं तर तो औषधच सोडून देईल.

मग येतो मधुमेह, आणि तो शेजारच्या काकांसारखा नसतो. इन्सुलिनबरोबर साखर वर आणणारं ग्लुकागॉनही आटतं, त्यामुळे इन्सुलिन घेऊन न जेवता निंदणाला गेलेल्याची साखर धाडकन उतरू शकते.

"विझेल, वाट पाहा" हा सल्लाही तपासून घ्यावा. स्वादुपिंडाची नलिका फुगलेल्या ८८ रुग्णांवरच्या डच चाचणीत (२०२०) लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांना दीड वर्षात कमी वेदना झाल्या. आधी गोळ्या, मग दुर्बीण, मग चाकू या पायऱ्या चढणाऱ्यांना जास्त. प्रत्येकाचं पोट उघडा, असं मी म्हणत नाही. पण योग्य रुग्णाला वर्षानुवर्षं वेदनाशामकांवर तंगवणं म्हणजे धीर देणं नव्हे.

राहिला "पीत असेल" हा शेरा. दारू हे मोठं कारण आहे, बिडीही. पण केरळात डॉ. गीवर्गीज यांनी या आजाराच्या ज्या रुग्णांची नोंद केली, त्यांत दारूला न शिवलेले कितीतरी तरुण होते. अनेक भारतीय रुग्णांत स्पिंक-१ या जनुकातला दोषही सापडला आहे. पोराचं पोट वारंवार दुखतं आणि गावभर त्याच्या बापाच्या बाटल्या मोजल्या जातात, याचा मला राग येतो.

दुखणं थांबलेल्यानेही वर्षातून एकदा साखर, ड जीवनसत्त्व आणि वजन बघून घ्यावं. हाडांची घनताही अधूनमधून. सोयाबीन विकायला रिसोडला जाणं होतंच. रक्त त्याच फेरीत देऊन यावं.