चरा गाडीला, धसका मनाला

"तरी म्हणत होतो, घाई करू नकोस!"

फाटकातून गाडी बाहेर काढताना डाव्या दाराला चरा पडला आणि ह्यांच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते हे. आवाज चढवला नाही, पण त्या दिवशी किल्ली खिळ्याला अडकली ती अडकलीच. लायसन्स पर्समध्ये आणि मी पुन्हा शेजारच्या सीटवर.

चार महिन्यांनी हे बाहेरगावी असताना रात्री सासूबाईंना धाप लागली. गाडी दारात उभी, तरी मी शेजारच्या मुलाला उठवायला धावले! वेळेत पोहोचलो म्हणून निभावलं. दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या मनात आलं, एवढ्याशा चऱ्याला मी किती घाबरले!

पुढच्याच आठवड्यात गॅरेज गाठलं. मिस्त्री हसून म्हणाला, "ताई, ह्याला पेंटिंग कशाला? घरीच निघेल." त्याने समजावलं ते तुम्हालाही सांगते.

गाडीच्या पत्र्यावर आधी प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक लेप असतो. बारीक चरे बहुधा ह्या लेपातच असतात. चऱ्यावरून नख हलकेच आडवं फिरवा. अडकलं नाही, तर काम आपल्या हातातलं. पाणी लावल्यावर चरा दिसेनासा झाला, तरी तेच समजायचं.

गाडी सावलीत, पत्रा गार असताना धुऊन कोरडी करा. मऊ मायक्रोफायबरच्या फडक्यावर वाटाण्याएवढं रबिंग कंपाउंड घ्या आणि हलक्या हाताने चोळा. थोडं चोळायचं, पुसायचं, बघायचं. मग पॉलिश, शेवटी वॅक्स. कंपाउंडने चरा भरत नाही, आजूबाजूचा लेप किंचित झिजून सपाट होतो. म्हणून कढई घासल्यासारखा जोर लावू नका. गेलेला लेप परत येत नाही! आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यावर करून बघितलेलं बरं.

नख अडकलं किंवा आतला पत्रा दिसला, तर मात्र मिस्त्रीच हवा. तेही पावसाळ्याआधी, नाहीतर गंज धरतो. आणि बारक्या चऱ्यासाठी विम्याचा क्लेम करण्याआधी हिशेब करा. वर्षभर क्लेम नसेल, तर गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या हप्त्यात २० टक्के सूट मिळते, सलग पाच वर्षांनी ती ५० टक्क्यांपर्यंत जाते. क्लेम केला की ही सूट सहसा हातची जाते.

माझा चरा अर्ध्या तासात गेला. पण खरी गंमत पुढेच आहे. दार चकाकलं तेव्हा उन्हात बॉनेटवरचे कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल चरे दिसले. मिस्त्रीला विचारलं, तर म्हणाला, "धुळीच्या गाडीवर कोरडं फडकं मारता ना रोज? त्याचे." आमच्याकडे ते फडकं रोज सकाळी कोण मारतं, हे सांगायला नकोच! त्या शेकडो चऱ्यांबद्दल कुणी कुणाची किल्ली काढून घेतली नव्हती. ह्यांना दाखवलं, तर क्षणभर गप्प झाले आणि मग म्हणाले, "उद्यापासून आधी पाणी मारू."

बचत गटाच्या बैठकीत हे सांगितलं, तर तिघी-चौघींनी माना डोलावल्या. त्यांचीही गाडी पहिल्याच चऱ्यापाशी थांबलेली. कुणाला नवऱ्याने अडवलं, कुणी माझ्यासारखी स्वतःहूनच थांबली. अहो, नवी सून पोळी करायला शिकते, तेव्हा पहिल्या पोळ्या करपतातच ना? म्हणून कुणी तिला तव्यापासून उठवतं का? पुरुषाकडून गाडी घासली तर गल्ली अरुंद असते. बाईकडून घासली की मात्र तिला गाडीच येत नाही, हा कुठला न्याय?

बेफिकीर व्हा, असं मी म्हणत नाही. जपून चालवा, चूक झाली तर कबूल करा आणि जमेल तेवढी निस्तरा. पण मैत्रिणींनो, किल्ली खिळ्यावर टांगू नका. रात्री-अपरात्री घरच्या माणसाला दवाखान्यात न्यायची वेळ येते, तेव्हा दाराला चरा आहे की नाही, हे कुणी बघत नाही.