छापा पडला, रिकाम्या जागेवर कोण आलं?

अमेरिकेत मांस कारखान्यावर इमिग्रेशनचा छापा पडला की बातमी ठरलेली: इतके पकडले, इतके परत पाठवले. रिकाम्या जागेवर नंतर कोण उभा राहिला, हे कोणी विचारत नाही. निदान दोन शहरांत तो माणूस मुसलमान होता.

१२ डिसेंबर २००६ ला स्विफ्ट कंपनीच्या सहा कारखान्यांवर एकाच दिवशी छापे पडले. सुमारे १३०० कामगार पकडले, बहुतेक लॅटिनो. कंपनी कामगारांचे कागद सरकारी यंत्रणेतूनच तपासत होती, त्यामुळे ती सुटली. पण जनावरं येतच होती, हात कुठून आणायचे? मग सोमाली निर्वासित भरती झाले. कागद पक्के, गरज मोठी. कोलोरॅडोतल्या ग्रीलीत आणि नेब्रास्कातल्या ग्रँड आयलंडमध्ये ते लाइनवर उभे राहिले. मधल्या काळात कंपनी ब्राझीलच्या जेबीएसने घेतली होती.

२००८ चा रमजान सप्टेंबरात आला. रोजा सोडायला आणि मगरिबच्या नमाजसाठी सुट्टी सूर्यास्ताला द्या, एवढंच मागणं. आता लाइनवरून एक जण हलला की शेजाऱ्याच्या हातावर काम वाढतं. हातात सुरी, वेग ठरलेला. अडचण खोटी नव्हती. ग्रँड आयलंडला कंपनीने वेळ बदलून दिली, तर बाकीचे कामगार, त्यात लॅटिनोही, ‘यांनाच सवलत का?’ म्हणत बाहेर पडले. सवलत मागे घेतली. दोन्हीकडे मिळून दीडशेहून जास्त मुसलमान कामगारांची नोकरी गेली. ग्रीलीच्या खटल्यात कंपनीने ५५ लाख डॉलरपर्यंत द्यायचं मान्य केलं ते २०२१ मध्ये. तेरा वर्षांनी!

त्या लॅटिनो कामगारांना दोष देणं सोपं आहे. पण दोनच वर्षांपूर्वी त्यांचेच भाऊबंद तिथून पकडून नेले होते. लाइन हळू करा, माणसं वाढवा, हे दोघांनी मिळून मालकाला सांगायचं होतं. पण छाप्याची धास्ती घेतलेला माणूस मालकापुढे तोंड उघडत नाही, शेजाऱ्यावर चिडतो. आखातात राहून आलेल्या आपल्या कोकणी घरांना हे समजावून सांगायला नको.

जून २०२५ मध्ये ओमाहाच्या ग्लेन व्हॅली फूड्सवर छापा पडला, ७० हून जास्त लोक पकडले. हीसुद्धा कंपनी सरकारी ई-व्हेरिफायवर कागद तपासणारी. फरक एवढाच, की तेव्हा निर्वासितांची वाट २०२५ च्या जानेवारीपासूनच बहुतेकांसाठी बंद केली होती आणि सोमालियावर त्याच जूनमध्ये प्रवासबंदी आली. नवे हात येणार नाहीत. माझा अंदाज, जादा काम आधीपासून लाइनवर असलेल्यांच्याच अंगावर पडेल, आणि पुढच्या रमजानला सुट्टी मागणं आणखी अवघड होईल.